आतल्याला विचारून सांगते

बनशंकरीतल्या आमच्या रस्त्यावर एक घर असं होतं, की त्यात टेलिफोनची घंटा कधी वाजली नाही. आणि त्या घराच्या मालकीणबाईंनी सगळी नोकरी सरकारी टेलिफोन कारखान्यात केली होती.

त्यांना सगळे अक्का म्हणत. मीही म्हणत असे. माझं जुन्या गाड्यांचं यार्ड त्यांच्याच मोकळ्या प्लॉटवर होतं, घराला लागून. मधे कमरेइतकी भिंत. त्यामुळे अक्का जितक्या मला दिसल्या तितक्या दुसऱ्या कुणाला दिसल्या नसतील. आणि सौद्यात त्यांनी मला जितकं नागवलं तितकं आजवर कुणी नागवलेलं नाही. हे मी रागाने लिहितोय. राग अजून गेलेला नाही, ते आधीच सांगितलेलं बरं.

मी निपाणीकडचा, पोटासाठी ह्या कानडी शहरात आलो. आनेकलच्या कारखान्यात हमाली केली, मग दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या, मग दलाली केली, मग स्वतःचं यार्ड टाकलं. कुणाच्या बापाचा पैसा घेतला नाही. गिऱ्हाईक गेटातून आत येताना त्याच्या चपलांवरून मी सांगतो, हा घेणार की नुसता बसून जाणार. पण अक्कांच्या पायांत चपलाच नसायच्या. अनवाणी यायच्या, भिंतीपाशी उभ्या राहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

कारखान्यात त्या तपासणीला होत्या. तयार झालेला फोन कानाला लावायचा, ऐकायचं, ठीक वाटला तर पुढे सरकवायचा. बोलायचं नाही. "आवाज सगळेच ऐकतात रे," एकदा मला म्हणाल्या. "आवाज नसतो तेव्हा काय असतं, ते ऐकायचा मला पगार होता."

"काय असतं मग, अक्का?"

"कुणीतरी असतं." घरातला साबण संपलाय असं सांगावं तशा स्वरात.

घरात फोन न घेण्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. माणूस येतो, चहा पितो, उठून जातो. आवाजाला दार कळत नाही. तो आला की राहतो. म्हणून घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही. यजमान होते तोवर तेही बाहेर जाऊन खोकत, असं शेजारचे चेष्टेने म्हणायचे. गॅसच्या बुकिंगसाठी आणि बँकेच्या नंबरांसाठी मोबाइल घ्यावाच लागला, तेव्हा तो त्यांनी अंगणात, तुळशीच्या कट्ट्याखाली पत्र्याच्या डब्यात ठेवला. वाजला की बाहेर येऊन उचलायचा. उचलला तरी हॅलो म्हणायचं नाही. समोरचा बोलेपर्यंत नुसतं ऐकत राहायचं. बँकेतल्या मुली घाबरून फोन ठेवायच्या.

मला तर त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी घेतलंच नाही. "तू अंगणातूनच बोल. तुझा आवाज दांडगा आहे, धुऊनसुद्धा जायचा नाही."

त्यांची धाकटी बहीण सोलापूरला. दोघींचं सगळं पोस्टकार्डांवर चाले. मग ती बहीण पडली, अंथरुणाला खिळली, उजवा हात गेला, पत्रं थांबली. बहिणीची सून व्हिडिओ कॉल लावून द्यायला तयार होती. पण अंगणात ऊन, शेजारी गच्चीवरून ऐकणार, आणि घरात तर आवाज न्यायचा नाही. अक्कांना घर नसलेली एक खोली हवी होती. एका दुपारी त्या भिंतीपाशी आल्या आणि माझ्या यार्डातल्या एका चांगल्या, कमी चाललेल्या गाडीकडे बोट करून म्हणाल्या, "हिच्यात इंटरनेट आहे म्हणे?"

"हाय की. पण तुम्हाला चालवाय कुठं येतंय अक्का?"

"चालवायची कुणाला आहे? सांग, कसं येतं ते."

मी सांगितलं. डॅशबोर्डच्या मागे कंपनीनेच बसवलेलं सिम असतं. फोनमधल्यासारखं काढता-घालता येत नाही, जागच्या जागी डकवलेलं. टपावर माशाच्या परासारखा उंचवटा दिसतो ना, तो अँटेना. तो टॉवरचा सिग्नल धरतो, आतली पेटी त्याचं वायफाय करून गाडीभर सोडते. चार-पाच फोन जोडा, लॅपटॉप जोडा. इंजिन चालू नसलं तरी चालतं, किल्ली अर्धी फिरवली की झालं. फक्त बॅटरी उतरते.

"माझ्या फोनवरून हे होत नाही?"

"होतं. फोनचा हॉटस्पॉट लावला की तेच."

"मग गाडीला वेगळे पैसे का?"

"टपावरचा अँटेना मोठा. फोनला जिथं धड मिळत न्हाई तिथं ह्याला मिळतंय. फोनची बॅटरी खात न्हाई."

अक्का गप्प. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, त्या फोन उचलल्यावर ऐकत तशा. आणि मी, ज्याने गिऱ्हाइकाला नको ते कधी सांगितलं नाही, तो आपणहून बोलत सुटलो. पहिली काही वर्षं कंपनी फुकट देते, मग वर्षाची वर्गणी लागते. तीही दोन तऱ्हांची: गाडी कुठे आहे ते दाखवणं, अपघात झाला तर मदतीचं बटण, हे एक, आणि आत बसणाऱ्यांच्या वायफायचा डेटा वेगळा. तो संपला की रिचार्ज, आणि तेवढाच डेटा फोनवर घेतला तर स्वस्त पडतो. ह्या गाडीची फुकटची मुदत संपलेली आहे. बहुतेक लोक मुदत संपल्यावर भरतच नाहीत. हे मला कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. शेवटी मी माझा भाव सांगितला, त्या गप्प राहिल्या, मी खाली आलो, त्या गप्प राहिल्या, मी आणखी खाली आलो. गाडी मला पडली त्याच्याही खाली गेली.

"आणि वर्षाचं इंटरनेट तू भरायचं," त्या म्हणाल्या.

"अक्का! रक्त काढा आता माझं!"

"तुझ्या जागेचा करार पाडव्याला संपतोय ना?" त्या म्हणाल्या. "पुतण्या म्हणतो बिल्डरला दे. मी अजून काही ठरवलेलं नाही."

खरी गोम इथे होती. त्यांचा पुतण्या एचएसआर लेआउटला राहतो, मोठ्या पगाराचा. त्याला तो प्लॉट विकायचा होता. मला मात्र तिथे आणखी पाच वर्षं हवी होती. गिऱ्हाईक जागेला बांधलेलं असतं. यार्ड हललं की अर्धी माणसं तुटतात. मी दात खाल्ले आणि हो म्हटलं.

कनेक्शन चालू करायला कागदपत्रं लागतात, तशीच फोनवर तोंड दाखवून ओळख पटवावी लागते. अक्कांनी साफ नकार दिला. "माझं तोंड मी कुणाच्या तारेत घालणार नाही." गाडी कागदावर अजून माझ्याच नावावर होती, म्हणून कनेक्शनही माझ्या नावावर घेतलं. बाहेर ऊन होतं म्हणून मी गाडीतच बसलो, काचा वर, एसी चालू. फोनवरच्या पोराने नाव विचारलं, पत्ता विचारला, पुन्हा नाव विचारलं, मान डावीकडे करा, उजवीकडे करा. माझं डोकं फिरलं. मी त्याच्यावर ओरडलो, जे तोंडाला येईल ते बोललो. शेवटी एकदाचं झालं. तेवढ्यात गेटावर गिऱ्हाईक आलं, मी उतरून दार आपटलं आणि गेलो.

दुसऱ्या दिवशी अक्का भिंतीपाशी. "काल दारं उघडी ठेवली नाहीस."

"कशाला?"

"तू केवढा ओरडलास. सगळं आत राहिलं."

मी हसलो. पैसे गेल्यानंतर माणसाने थोडं हसून घ्यावं.

गाडी त्यांच्या फाटकापुढे बदामाच्या झाडाखाली उभी राहिली. रोज दुपारी अक्का मागच्या सीटवर जाऊन बसायच्या, बहिणीशी बोलायच्या. फोनचा मुक्काम आता गाडीतच होता. बोलणं झालं की उतरून चारी दारं सताड उघडायच्या आणि पायरीवर बसून वाट बघायच्या, फरशी वाळायची बघतात तशी. येणारेजाणारे थांबायचे. एकदा एका रिक्षावाल्याने विचारलं, "काय अज्जी, आत काही मेलंय का? वास?"

"वास नाही. बोलणं आहे. स्वल्प वेळ लागतो."

तो रिक्षा ढकलत पुढे गेला आणि कोपऱ्यावर गेल्यावर सुरू केली.

इथवर मला त्यात गंमतच वाटत होती. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की बहिणीचं बोलणं, दारं उघडणं, सगळं आटोपल्यावर अक्का पुन्हा आत जाऊन बसतात. दारं लावून घेतात. हातात फोन नसतो. आणि त्या काहीतरी विचारतात, थांबतात, मान डोलावतात.

पाडवा जवळ आला तसं मी कराराचं काढलं. "अक्का, पाच वर्षं लिहून द्या. भाडं वाढवून देतो."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे कानडीत बरं. "आतल्याला विचारून सांगते."

"आतला कोण?"

"तू ठेवलास तो."

मला वाटलं म्हातारी माझी टर उडवतेय. पुढल्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. "अजून तयार नाही तो." एकदा तर म्हणाल्या, "फार चिडका आहे रे. पण खरं बोलतो."

मग बॅटरी उतरली. उतरणारच, इंजिन न लावता रोज किल्ली अर्धी फिरवून बसणं. माझ्या मेकॅनिकने बॅटरी काढून चार्जिंगला यार्डात आणली. मी खुर्चीत बसून एका गाडीचे फोटो पाठवत होतो, नेट अडकलं म्हणून फोनवर वायफायची यादी उघडली. सगळ्यात वर माझं नाव होतं. त्या गाडीच्या वायफायला कंपनीने मालकाचं नाव दिलं होतं, ते मला ठाऊक होतं. पण बॅटरी माझ्या पायाशी पडली होती.

मेकॅनिकला दाखवलं. तो फाटकापाशी गेला, बॉनेट उचलून आत बघितलं, परत आला. "आत छोटी बॅटरी असती अण्णा, मदतीच्या फोनसाठी. अपघातात मोठी तुटली तर त्यावर चालतंय."

"वायफाय चालतंय त्यावर?"

"न्हाई," तो म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "चालाय नको."

मी भिंतीवरून बघितलं. अक्का मागच्या सीटवर होत्या, काचा वर. त्यांचं विचारून झालं होतं. आता त्या ऐकत होत्या. माझ्या फोनवर माझ्या नावापुढच्या सिग्नलच्या रेघा भरलेल्याच होत्या. अक्कांनी मान डोलावली तशा त्या रेघा एक-एक करून उतरल्या आणि नाव गेलं.

मला भीती वाटते तेव्हा राग येतो. तसाच आला. भरतोय मी, आणि मलाच नाचवतात? मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि त्या मुलीला म्हटलं, हे कनेक्शन आत्ताच्या आत्ता बंद करा.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही कालच सांगितलंत ना, काहीही झालं तरी बंद करू नका म्हणून?"

"मी?"

"हो सर. गाडीतल्या बटणावरून कॉल होता. नाव, पत्ता, सगळं बरोबर सांगितलंत."

"अहो बाई, ती म्हातारी असेल!"

"नाही सर. तुमचाच आवाज होता." आणि म्हणाली, "सर, काल पण तुम्ही असेच ओरडलात."

मी फोन ठेवला आणि तरातरा अक्कांच्या फाटकाशी गेलो. त्या पायरीवर शेंगा सोलत होत्या.

"अक्का, ते मदतीचं लाल बटण दाबता का तुम्ही?"

"मी कशाला दाबू? मला कुठे अपघात झालाय?"

"मग माझ्या नावानं कोण बोललं?"

"तुझ्या नावाने दुसरं कोण बोलणार?"

"चेष्टा बास झाली!" माझा आवाज चढला. गल्लीतली माणसं बघायला लागली. "पाच वर्षं देताय का न्हाई, एक काय ते सांगा. मी मोठा झालो तो कुणाच्या दयेवर न्हाई. गाडीला विचारून भाडेकरू ठेवतात होय?"

अक्कांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. "मलाही कंटाळा आलाय मधे निरोप्याचं काम करायचा. असं कर. तू आत बस. तुमचं तुम्ही दोघं बोलून घ्या. जे ठरेल त्यावर मी सही करते."

"जे ठरेल त्यावर?"

"शब्द देते."

आता हे लक्षात घ्या. अक्कांनी दिलेला शब्द कधी फिरवलेला मी बघितला नव्हता. आणि त्या मला म्हणत होत्या, की रिकाम्या गाडीत जाऊन बस आणि बाहेर येऊन हवं ते सांग. मनात म्हटलं, सापडली म्हातारी. पाच कशाला, दहा वर्षं सांगतो. मी मागचं दार उघडलं, आत बसलो आणि दार लावलं.

दार लागलं तसा रस्त्याचा आवाज बंद झाला. आत खोबरेल तेलाचा वास होता आणि सीट उन्हाने तापलेली होती. पुढचा स्क्रीन काळा. मी स्वतःशीच हसलो. म्हटलं, बाहेरून अक्का बघतायत, निदान ओठ तरी हलवावे. तोंड उघडलं, आणि "दहा" निघेना.

कारण शेजारी कुणीतरी श्वास घेतला. भाव सांगायच्या आधी माणूस नाकाने एक लांब श्वास घेतो आणि धरून ठेवतो, तसा. मी तसाच घेतो. माझी बायको म्हणते, तुमचा तो श्वास ऐकला की कळतं समोरचा मेला. मी शेजारी बघितलं. सीट रिकामी. मी श्वास घेतलेला नव्हता.

सौद्यात जो गप्प राहू शकतो त्याचं राज्य असतं. मी कित्येकांना नुसतं गप्प राहून रडवलंय. पण समोरचाही माझ्याच तालमीतला असेल तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घाम कानामागून उतरला. मी म्हणालो, "पाच वर्षं."

काही नाही.

"पाच म्हणजे काही जास्त न्हाई. धंदा बांधलाय इथं."

काही नाही. धरलेला तो श्वास मात्र तसाच धरलेला होता.

"बरं, चार. तीन करा. तीनला काय हरकत आहे?"

मी चिडलो. काचेवर मूठ मारली. मी काय भीक मागतोय का, असं ओरडलो, आणि ओरडताना मला ऐकू येत होतं, की हे सगळं ह्या गाडीने आधी ऐकलेलं आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मग माझा आवाज खाली आला. "दोन," मी म्हणालो. "एक. एक वर्ष. ह्याच्या खाली मी येणार न्हाई, गळा चिरलात तरी." आणि दार ढकलून बाहेर पडलो.

"काय ठरलं?" अक्कांनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्या माझ्याकडे तशा बघत होत्या, फोन कानाला लावल्यासारख्या. "एक वर्ष," मी म्हणालो.

"सरी." त्या उठल्या आणि नेहमीसारख्या एकेक दार उघडत गाडीभोवती फिरल्या. मी रुमालाने मान पुसत उभा होतो. मनात हिशेब लावत होतो, की एक तर एक; वर्षभरात म्हातारीला पुन्हा वळवू. चौथ्या दारापाशी अक्का थबकल्या. आत वाकल्या. मग मला हात केला, इकडे ये.

"तुझं अजून संपलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी जवळ गेलो. चारी दारं उघडी, भर दुपार, बदामाची सावली सीटवर हलत होती. आणि तिथून, मी जिथे बसलो होतो तिथून, सौद्याच्या शेवटी माझा येतो तसा दमलेला, पडलेला, पण खरा माझाच आवाज आला.

"बरं. सहा महिने घ्या. शेवटचं."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. जिंकल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. वाईट वाटल्यासारखं दिसत होतं. "ऐकलंस ना? तो सहा म्हणतो."

"तो मी न्हवे, अक्का."

"मग कोण?"

आतून नाकाने घेतलेला लांब श्वास ऐकू आला. मला तो श्वास कळतो. आणखी उतरायच्या आधीचा असतो तो.

"थांब," अक्का म्हणाल्या, "बोलू दे त्याला, होऊ दे त्याचं पुरतं."

मी थांबलो नाही. चारही दारं धाडधाड लावून टाकली, यार्डातून कागद मागवला आणि आतला तीन महिन्यांवर यायच्या आधी बॉनेटवरच सहा महिन्यांच्या करारावर सही करून टाकली.